भाऊजींनी पास का दिला

आदरणीय भाऊजी यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मला साष्टांगाची सक्त मनाई केली आहे, तेव्हा तो कागदावर घातला असं समजून घ्यावं.) आपली प्रकृती ठणठणीत असणारच, कारण ताईच्या राज्यात आजारी पडायची कोणाची बिशाद नाही. इकडे मी बरा आहे. चष्म्याचा नंबर वाढला, पण निवृत्त मुद्रितशोधकाला आता शोधायचं तरी काय उरलंय? आधी संबोधनाचा खुलासा करतो. तुमचं ताईशी लग्न होईपर्यंत मी तुम्हाला ‘अरे शिडी’ म्हणत होतो आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ‘अहो भाऊजी’. त्या एका रात्रीत तुमची उंची काही वाढली नव्हती, पण नातं वाढलं. तेव्हा घरच्या गोष्टींत मी ‘अहो’वर राहीन. मैदानाचा विषय निघाला की मात्र जीभ घसरेल, ते पोटात घालावं.

तुमचं कार्ड मिळालं. ‘गुडघे दुखतात, रविवारी जमणार नाही’, एवढी एकच ओळ. तुमचे हे गुडघे परवाच पाण्याची टाकी बघायला गच्चीवर चढले होते, असं ताईने फोनवर सांगितलं, तेव्हा ते सबब म्हणून चालणार नाहीत. खरं कारण मला ठाऊक आहे. छापखाना नव्या जागेत हलतोय. कागदाच्या गोदामामागचं आपलं बास्केटबॉलचं मैदान सोमवारपासून उखडणार आहेत. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी चार वाजता, जुन्या संघाने तिथे शेवटची दहा मिनिटं खेळायचं ठरवलंय. समोर डेअरीच्या संघातले जे कोणी उरले असतील ते. आणि तिथे कोणीतरी हसत हसत विचारणारच की शिडी, तेव्हा पास का दिलास? अडतीस वर्षं तुम्ही हा प्रश्न ऐकताय. तुम्ही आला नाहीत तर मैदान जाईल आणि प्रश्न कायमचा तुमच्या नावावर राहील. ते मला होऊ द्यायचं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्याचं असं आहे की बाइंडरकडे भिंतभर टीव्ही आल्यापासून आम्ही चारपाच म्हातारे तिथे पडीक असतो. परदेशातले सामने बघतो. मागच्या आठवड्यात एक साडेसहा फुटी गडी, ज्याच्या नावाचे बूट जगभर विकले जातात म्हणे, सामनाभर रिंगकडे न बघताच चेंडू आत टाकत होता. शेवटच्या मिनिटाला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही रिंगला आपटून बाहेर. झालं. बाइंडरने लगेच निकाल दिला की कसब हातात असतं, पण शेवटच्या मिनिटाला काळीज लागतं, आणि मोठ्या खेळाडूंचं नेमकं तिथेच पाणी होतं. कंपोझिटर म्हणाला, मग बाकीचे चौघे काय भाजी निवडत होते? (कंपोझिटर कमी बोलतो, पण त्याने जुळवलेल्या खिळ्यांचं प्रूफ कधी तपासावं लागायचं नाही.) त्यावर तासभर वाद झाला आणि दर वेळेप्रमाणे तो एकाच वाक्यावर संपला: ‘आपल्या शिडीचं नाही का तसंच झालं.’ मी पाणी प्यायला उठलो. गेली कित्येक वर्षं या वाक्याला मी पाणी प्यायला उठतो. बाइंडरच्या बायकोला वाटतं मला मधुमेह आहे.

काय दिवस होते, भाऊजी. पहिली पाळी सुटली की मशीनवरून तुम्ही तसेच मैदानात यायचात. बाइंडिंगच्या मोडक्या टेबलाच्या फळ्या म्हणजे आपले बोर्ड, आणि तुमच्या हातांच्या शाईने हाफ टाइमपर्यंत चेंडू काळा ठिक्कर. डेअरीवाले स्वच्छ पांढऱ्या गणवेशात यायचे आणि जाताना त्यांच्या छातीवर आपल्या चार-चार बोटांचे ठसे असायचे. आपले प्रशिक्षक फोरमनसाहेब. बास्केटबॉलच्या नियमांचं पुस्तक आपल्याच छापखान्यात छापायला आलं होतं. त्याचा पहिला फर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं छापून झाली आणि काम देणाऱ्याने हात वर केले. साहेबांनी ती सोळा पानं तोंडपाठ केली. त्यामुळे मैदानाची लांबी-रुंदी आणि चेंडूचं वजन याबाबतीत आपल्याइतका तयार संघ दुसरा नव्हता. शेवटच्या मिनिटात काय करावं, ते बहुधा तिसऱ्या फर्म्यात असावं. ती संध्याकाळची हवा, कागदाचा वास, गोदामाच्या पायरीवर सगळ्यांचे काढून ठेवलेले चपला-बूट, हे आठवलं की मला आजही बसल्या जागी गलबलून येतं.

आता तो सामना. इथून ‘अरे’. आपले एक्कावन्न गुण झाले होते, त्यातले चौतीस तुझे एकट्याचे. हे कोणी सांगत नाही. डेअरीचे बावन्न. सहा सेकंद उरले होते. फोरमनसाहेबांनी टाइम-आउट घेतला आणि आपल्याला गोल उभं करून मैदानाची लांबी सांगितली. मग चेंडू तुझ्याकडे आला, डेअरीचे दोघे तुझ्या अंगावर धावले. सगळं मैदान उभं राहिलं. आणि तू उडी मारलीस, हवेत मान वळवलीस आणि रिंगखाली डाव्या बाजूला उभ्या असलेल्या माझ्या हातात चेंडू ठेवलास. माझ्या. ज्याला संघात घेतलं होतं ते दहावा माणूस लागतो म्हणून, आणि जो त्या दिवशी खेळत होता तो फक्त स्टोअरकीपरचं पोट बिघडलं म्हणून. मी चेंडू टाकला. तो बोर्डाच्या वरून पलीकडे गेला आणि गोदामाच्या पत्र्यावर पडला. इतक्या जवळून इतका लांब चेंडू मारायलाही काही कसब लागतंच.

पुढचं तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मीच बोलतो. दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या भित्तिपत्रकात सामन्याचा वृत्तांत आला: ‘मोक्याच्या क्षणी आमच्या हुकमी खेळाडूचं धैर्य खचलं आणि त्याने जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली.’ खाली नाव नव्हतं. पण भित्तिपत्रक लिहायचा कोण, हे तुम्हाला माहीत होतं. अख्खा छापखाना त्याच्यापुढे उभा राहून वाचत होता, तुम्हीही वाचलंत. मी मागे उभा होतो. तुम्ही वळून मला एवढंच म्हणालात, ‘अक्षर छान आलंय.’ आणि मशीनवर गेलात. त्यापेक्षा दोन मुस्कटात मारल्या असत्यात तर बरं झालं असतं. ते वाक्य पुढे तुम्हाला चिकटलं ते चिकटलंच. आजही बाइंडर बोलतो ते माझंच वाक्य आहे, फक्त त्याला ते ठाऊक नाही.

आणि इतकं होऊन वर्षभरात तुम्ही आमच्या घरी ताईला मागणी घालायला आलात. नवा शर्ट, पाठ केलेली चार वाक्यं. वडिलांनी विचारलं, काय काम काढलंत? तुम्ही घाम पुसलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘हा सांगेल.’ पुन्हा पास. माझ्या मनात आलं, या माणसाला अक्कल कधी येणार? पण त्या दिवशी मी बोललो, तोंडाला येईल ते बोललो, आणि वडील हो म्हणाले. एकाला एक, असा आपला हिशेब बरोबरीत सुटला, असं मी मनाला समजावत आलो. तो सुटलेला नाही.

तेव्हा गुडघ्यांची समजूत काढावी आणि यावं. ताईला नमस्कार, घरातूनही दोघांना नमस्कार सांगितला आहे.

आपला आज्ञाधारक (निदान कागदावर),
मेहुणा

ता. क. : संघाचा फोटो ताईच्या कपाटात आहे, तो येताना आणावा. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत, तरी आणावा.

ता. क. २ : मूळ मुद्दा लिहायचा राहिला. राहिला नाही, मीच टाळला. तो पास तू आपणहून दिला नव्हतास. मी हात वर करून ओरडत होतो, ‘शिडी, मला दे, मी मोकळा आहे.’ का ओरडलो, देव जाणे. जन्मात एकदा वाटलं, आपल्याला जमेल. त्या गोंगाटात ते तुझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही, आणि तू अडतीस वर्षं कोणाला सांगितलं नाहीस.

ता. क. ३ : काल मी बाइंडरकडे उभा राहून हे सगळं कबूल केलं. कोणाचाही विश्वास बसला नाही. बाइंडर म्हणाला, मेहुणा आहे, सांभाळून घेणारच. फोरमनसाहेब (वय त्र्याऐंशी, कानाने बेताचे) तीनदा सांगितल्यावर म्हणाले, ‘तू? चेंडू मागितलास? तू तर चेंडू आला की वाट सोडायचास.’ म्हणजे माझा गुन्हासुद्धा माझ्या नावावर कोणी लावून घेत नाही.

ता. क. ४ : मग ताईला फोन केला. ती म्हणाली, ‘मला माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं. म्हणाले होते, त्याने मागितला म्हणून दिला, पुन्हा मागितला तरी देईन.’ शिडी, मी मागतोय. रविवारी चार वाजता ये. चेंडू घे, सगळ्यांच्या देखत मला पास दे. मी हुकवणार हे नक्की. आठवडाभर गुपचूप सराव करतोय, काल चाळीसपैकी दोन गेले. पण या वेळी मी फोरमनसाहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मागणार आहे.