दोरीच्या अलीकडचं पाणी

बाई, येत्या शनिवारी मी सातवीच्या तेवीस मुलींना घेऊन नदीवर चालले आहे. आपल्या नदीवर नाही, तिच्यात आता पावसाळा सोडला तर पोहण्याइतकं पाणी नसतं. शहरात नदीकाठी वाळू टाकून पोहायची जागा केली आहे, तिथं. पाण्यात पिवळे गोळे ओवलेली दोरी ताणलेली असते, तिच्या पलीकडे जायचं नाही. काठावर उंच खुर्च्यांवर शिट्ट्या घेऊन माणसं बसतात. लाल झेंडा लागला की त्या दिवशी कुणालाच उतरू देत नाहीत. मी फोन करून खोली विचारली, तर तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, रस्सी के इधर कमर तक ही है, बेफिकर आइए." मी तेच आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो वैतागला असावा.

खरं सांगायचं तर मी थकले आहे. पंधरा दिवस झाले, नुसती कागदपत्रं चालली आहेत. पालकांची संमतीपत्रं, गाडीच्या कागदांच्या नकला, प्रत्येकीच्या दुखण्याखुपण्याची माहिती, बदलायच्या कपड्यांची यादी. शाळेतले एक सर म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं राहिली तुमची नोकरीची. औंढ्याला नेऊन आणा पोरींना, दर्शन होतं, जेवण होतं. हे पाण्याचं कशाला काढून राहिल्या?" त्यांचंही बरोबर आहे. गुडघे दुखतात. घरी आल्यावर कणीक मळणंसुद्धा जिवावर येतं. तरी काढलं आहे खरं.

तुम्ही आमच्या गावात बदलून आलात तेव्हा मी सातवीतच होते. आम्ही पोरी नदीच्या डोहाच्या काठाला धुणं धुवायला जायचो ते तुम्ही पाहिलंत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलंत, "पाय घसरला तर काय कराल?" कुणीतरी म्हणालं, "आरडू." सगळ्या हसल्या, तुम्ही हसला नाहीत. पुढच्या आठवड्यात जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारातून तुम्ही तेलाचे रिकामे डबे आणलेत. आमच्या गल्लीत पत्र्याचं काम करणारे चाचा राहायचे. त्यांनी डब्यांची तोंडं डाख देऊन बंद केली आणि म्हणाले, "बाई, आमच्या पोरीला बी पोहायला शिकवा." ती माझी मैत्रीण. बाकावर आम्ही शेजारी बसायचो.

रविवारची सकाळ असते. तुम्ही पदर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या आहात. माझ्या पाठीला डबा बांधला आहे, दोरी काखेत काचते आहे, आणि तुमचा तळहात माझ्या पोटाखाली आहे. "मान कशाला ताणतेस गं? पाणी काही तुला खाऊन टाकत नाही." पाचव्या रविवारी तुम्ही माझा डबा सोडलात. मी पलीकडच्या खडकापर्यंत गेले आणि परत आले. चाचांची पोरगी काठावरून टाळ्या वाजवत होती. तिचा डबा अजून सुटायचा होता.

त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. वयात आलेल्या पोरींना ओल्या कपड्यांनी नाचवतात, असं कुणी कुणी पारावर बोललं. चार माणसं आमच्या घरी आली. तुमच्याविरुद्ध अर्ज करायचा ठरला, आणि तो कुणी लिहायचा असा प्रश्न निघाला. माझे वडील वाईट नव्हते, बाई, पण चौघांसमोर त्यांना नाही म्हणता येत नसे. ते म्हणाले, "आमच्या पोरीचं अक्षर चांगलं हाय." मी चुलीजवळ पाटावर वही ठेवून लिहायला बसले. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. काय लिहिते आहे ते मला कळत होतं. तरी माझं सगळं लक्ष रेघ सरळ येते की नाही याच्याकडे होतं. एकही खाडाखोड झाली नाही, याचा मला त्या वेळी आनंद वाटला. गोल अक्षर कसं काढायचं ते तुम्हीच शिकवलं होतं.

महिनाभरात तुमची बदली झाली. जाताना तुम्ही आम्हाला वर्गात दोन कविता पाठ करायला दिल्यात आणि डबे चाचांकडे ठेवलेत. पुढच्या पावसाळ्यानंतर चाचांची पोरगी धुणं धुताना डोहात गेली. मी चार हातांवर होते. पोहता येत होतं, पण पाय हलले नाहीत. मी आरडले, तेवढंच. माणसांनी तिला बाहेर काढलं तेव्हा चाचा माझ्या वडिलांकडे बघून म्हणाले, "बाई असत्या तर लेकरू तरलं असतं." वडील मान खाली घालून उभे होते. अर्जाबद्दल आमच्या घरात त्यानंतर कुणी कधी बोललं नाही.

तुम्ही मला त्यानंतर एकदाच भेटलात, औंढ्याच्या स्टँडवर. केस पांढरे झाले होते. मी पाया पडले, मास्तरकीचं शिकते आहे म्हणून सांगितलं. तुम्ही विचारलंत, "अक्षर अजून तसंच आहे का गं?" आवाजात राग नव्हता. तो अर्ज तुम्हाला दाखवला असणार, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी काही बोलायच्या आत तुमची गाडी लागली. पिशवीतला एक पेरू माझ्या हातात देऊन तुम्ही चढलात. घरी आल्यावर मी तुम्हाला पत्र लिहायला बसले, पण 'बाई' एवढा शब्द लिहून उठले. तुम्ही गेल्याचं मला कळलं ते वर्षभरानं, एका प्रशिक्षणात, चहा पिताना.

काल मी राहिलेल्या एका संमतीपत्रासाठी मुलीच्या घरी गेले होते. तिचे वडील शेळ्यांना पाला टाकत होते. "म्याडम, पोरीला पाण्याच्या ठिकाणी काहून नेऊन राहिल्या?" मी दोरीचं सांगितलं, शिट्टीवाल्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शिट्टीवाले त्यांची नोकरी करतील. तेवढ्या गर्दीत माझं लेकरू त्यांना कसं दिसंल?" मुलगी दारामागून माझ्याकडे बघत होती. परत निघावं, एक मुलगी कमी गेली तर काय बिघडतं, असंही मनात येऊन गेलं.

"तुमी सोता तिच्याजवळ पाण्यात राहताल का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"तुमाला पोहता येतं ना?"

"येतं. आमच्या बाईंनी शिकवलंय."

त्यांनी हात धोतराला पुसले आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. मुलगी आत पळाली, आईला सांगायला.

हे पाठवायला आता पत्ता नाही, म्हणूनच लिहवलं. चाचांच्या मुलीला बाहेर काढलं त्या दिवसापासून मी घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही, बाई. त्या माणसाशी मी खरं बोलले की खोटं, ते मला शनिवारीच कळेल.