काचेच्या खोलीतला माझा आवाज

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी मजेत आहे, खोली उबदार आहे, दोन वेळचं गरम जेवण मिळतं. दादाने गोड्या पाण्याची टाकी बसवली का?

हवामान परिषदेतल्या दुभाष्याचं काम म्हणजे काचेच्या खोलीत बसून दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून बोलायचं. सकाळी मी श्रीमंत देश असते आणि मदतनिधीचे पैसे गोड बोलून टाळते. दुपारी मी बुडणारं बेट असते आणि तेच पैसे मागते. संध्याकाळी खोलीवर आले की बोलायला कोणी नसतं.

काल बेटाचे मंत्री म्हणाले, "समुद्र दारात आलाय," आणि गप्प झाले. मी मात्र थांबलेच नाही. "विहीर खारट झालीय, आई अजून तेच पाणी पिते," असं बोलून गेले. ते मंत्र्यांचंच म्हणणं समजून श्रीमंत देशाच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या आईंची आम्हाला फार काळजी वाटते. निधीचं पुढच्या वर्षी बघू."

त्याचा अनुवादही मलाच करायचा होता. इथे आल्यापासून तुझी काळजी पहिल्यांदाच कोणीतरी केली, आणि तीही मला माझ्याच आवाजात ऐकावी लागली.

आई, ते पाणी पिऊ नकोस गं.

तुझी धाकटी