ऐनावरचा चुना

तुझ्या ऐनाच्या झाडाला चुना फासलाय. कमरेच्या वरपर्यंत पांढरा, खाली गेरूचा पट्टा. नवरदेवासारखा उभा हाय मेला. एवढं ओकून झालं, आता पाया पडते, बा.

जंगलाच्या कडेची आपली ओढ्याकाठची सपाटी. तिथं पर्यटकांचे तंबू लावायचे म्हणून कंपनीचा साहेब जागा तपासायला आला, भर उन्हाळ्यात. उतार किती, रस्ता किती लांब, सावली किती, सगळ्याला मार्क. सपाटीला सगळ्यात जास्त पडले. मी चौथीपर्यंत शिकले, मला कधी एवढे पडले नाहीत. म्हटलं, "साहेब, आषाढात इथं ओढा चढतो." तर म्हणतो, "आजी, बघा ना, कोरडा आहे." आणि ओढ्यात उभा राहून बाटलीतलं पाणी प्यायला. किळस आली मला.

लहानपणी याच सपाटीवर मी शेळी बांधली होती. तू आलास आणि कानाखाली दिलीस. "ही जागा आपली नाय गो, पाण्याची हाय." दुपारी बघते तर शेळीच्या खुंट्यावरून गढूळ पाणी जातंय, मी तुझ्या खांद्यावर, शेळी तुझ्या काखेत. पाणी उतरल्यावर तू कोयत्याने ऐनावर खाच पाडलीस, पाणी जिथवर टेकलं होतं तिथं. प्रत्येक मोठ्या पुराची एक खाच.

त्याच दाखवायला साहेबाला झाडापाशी नेलं. खाचा कुठल्या, सगळा चुना! नखांनी खरवडायला लागले तर म्हणतो, "आजी, झाडाला इजा करू नका." एक निघाली, तर म्हणे, "कोयत्याचा घाव कुठल्याही झाडाला असतो." आणि लिहिलं, जागा योग्य.

तिथं माझी सून स्वयंपाकाला लागणार. पावसाळाभर तंबूतच राहायचं. थांब म्हटलं तर, "आत्याबाई, तुमचं आपलं काहीतरीच!" कंपनीची साडी नेसून आरशासमोर उभी असते.

एक सांगते, तिकडे वर कुणाला बोलू नकोस. साहेब येणार म्हणून अष्टमी गावच्या बाजारातून चुना मी आणला. फासलाही मीच, जरा शोभा यावी म्हणून. खाचा बोटांना लागत होत्या, तरी कुंचला फिरवला.

हे पत्र तांदळाच्या डब्यात ठेवते. तू उत्तर देऊ नकोस. उत्तर त्या साहेबाने द्यायचं, आषाढात, माझ्या सुनेच्या चुलीपाशी उभं राहून.