दादाची पुस्तिका, माझी साक्ष

१४ जून

ती. दादास,

सलाम. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे, काठीशिवाय चालते.

पवित्र शास्त्रावर भरवसा का ठेवावा, या तुझ्या पुस्तिकेची प्रुफं तपासली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बेचाळीस. मजकूर मात्र पटला. जुन्या हस्तलिखितांच्या कितीतरी प्रती एकमेकींशी ताडून पाहता येतात, हे छान मांडलंस. नववं पान तर मी तीनदा वाचलं. तू लिहितोस, रचून सांगणारा आपल्याच माणसांची नाचक्की लिहीत नाही. इथे तर थोरल्या शिष्याने आपल्या प्रभूबद्दल 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं, हेही लिहून ठेवलंय. प्रभूच्या रिकाम्या कबरेची खबर बायकांनी आणली, तेव्हा बायकांच्या साक्षीला कोण विचारत होतं? तरी लिहिलंय.

खरंय, दादा. माझाही भरवसा त्यामुळेच आहे.

आता छापखान्याचं. काम लवकर उरकावं म्हणून कटिंग मशीनची संरक्षक जाळी तू काढायला लावलीस. बाइंडिंगवाल्या मावशींची तीन बोटं गेली. चौकशीत तू, फोरमन, म्हणालास, "जाळी मशीनमनने आपल्या मनाने काढली." मशीनमन म्हणजे माझा नवरा. त्यांची नोकरी गेली. सहा वर्षं ते मान खाली घालून जगले आणि गेल्या महिन्यात गेले. मातीच्या वेळी प्रार्थना तू केलीस. "सरळ माणूस होता," म्हणालास. तेव्हाच ठरवलं, तुला सोडायचं नाही.

काल मावशींना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तू कुठे होतीस तेव्हा?"

मी छापखान्याच्या दारातच होते. तुझा हुकूम माझ्या कानांनी ऐकला होता. चौकशीत मालकांनी मला विचारलं, तर मी म्हणाले, "मला काही माहीत नाही." तू आईची शपथ घातली होतीस ना! त्या दिवशी हे घरी आले, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. पुढे कधीच काही विचारलं नाही.

हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून खाली सही केलीय. माझं खोटं पहिल्याच ओळीत आहे, म्हणजे बाकीचं खोडून काढणं तुला जड जाईल. एक प्रत मालकांना दिली, एक मावशींना, एक पाळकांना. पाळक म्हणाले, "बाई, सूड घेणं देवाचं काम."

मी म्हटलं, "असू द्या. साक्ष देणं माझं आहे."

रविवारी उपासनेनंतर, तुझ्या पुस्तिकेच्या प्रकाशनाआधी, पाळकच ती साक्ष वाचून दाखवणार आहेत. मी पहिल्या बाकावर बसेन. तुझा चेहरा पाहायचाय मला. क्षमेचं नंतर बघू.

आईला घेऊन येतेय.

त्यांची बायको,
आणि मग तुझी बहीण