बोर्काच्या पाठीवरचा लाल रंग

सेगेद, १२ नोव्हेंबर २००५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो हो करता, म्हणून पत्र. आपल्या डुकरांच्या रक्तात हवं ते जनुक सापडलं! शरीरातलं एखादं प्रथिन मोडायचं असलं की त्यावर आधी बारीकशी खूण चिकटते. खूण लागली की ते संपलं. हे जनुक स्नायूंमध्ये ती खूण लावतं. आपल्या बोर्का डुकरिणीत ते आळशी आहे, म्हणून पिल्लांना पाजूनही ती खंगत नाही. वसंतात होणाऱ्या पिल्लांत हा आळस उतरला तरच प्रयोगशाळेतलं माझं काम चालू राहील, नाहीतर इथून नारळ मिळेल. सगळ्या डुकरिणी सारख्याच कुरळ्या. घोटाळा नको, म्हणून तिच्या पाठीवर ठळक लाल खूण करा.

रागावलात तरी लोभ असू द्या.

तुमची एनिको

४ डिसेंबर

चि. एनिकोस, अ. उ. आ.

शिकलीस खूप, पण घरचं विसरलीस. पाठीवर लाल म्हणजे हिवाळ्यात सुरीखाली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तुझं शास्त्र मला अर्धं कळलं, रंग मात्र पुरता कळला. वाटलं, मांस तपासायचं असेल. मन घट्ट करून खूण केली.

शनिवारी गाश्पार खाटीक आला, पालिंकाची दारू प्याला आणि बघतो तर एकाही पाठीवर लाल नाही! दारात तुझी आई ओलं फडकं घेऊन उभी. म्हणाली, पिल्लांची वाट बघणारी पोर त्यांच्या आईला मारायला सांगेल कशी? दुसरं डुक्कर कापलं. सॉसेज पाठवतोय, पोटभर खा.

तुझे बाबा

सेगेद, ९ डिसेंबर

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

इथे लाल म्हणजे हात लावायचा नाही. तिथलं मी खरंच विसरले. आईला सांगा, शरीरातही लागलेली खूण पुसणारे असतात. मी आजवर लावणारेच बघत बसले. आता पुसणारेही शोधणार आहे.

आईचा लोभ आहेच, तुमचाही वाढू द्या.

एनिको

२० एप्रिल २००६

चि. एनिकोस, अ. उ. आ.

तुझा निरोप मिळाला. बोर्काच्या पिल्लांत आळस उतरला म्हणे! आळशांमुळे कुणाची नोकरी टिकलेली मी पहिल्यांदाच बघतोय. रक्त घेताना आईने एकेकाला पोटाशी धरलं होतं.

ईस्टर गेला, आता तरी ये. आई म्हणते, वाटेल तो रंग घेऊन ये, फडकं तिने दाराशीच टांगून ठेवलंय.

तुझे बाबा