दांडा की मूळ

प्रिय विसरभोळे,

छत्री विसरलीस, ती दाराच्या मागे टांगली आहे. चष्म्याची डबी विसरलीस, तिच्यात मी सुया ठेवते. पण कहर म्हणजे जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक कागद चिकटवून गेलीस, ऑर्किडला कधी, काय आणि किती घालायचं त्याचा. आणि झाड सांभाळायचं कुणी, तर मी! अगं, आजीला अक्षर वाचता येत नाही हेसुद्धा विसरावं? लहानपणी शाळा-शाळा खेळताना मला रोज नापास कोण करायचं? एरवी माझी पत्रं खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई लिहून देते. आज अक्षर बघून तू दचकली असशील. त्याचं काय ते सांगते, पण माझ्या क्रमाने.

नशीब माझं, निघता निघता तू सगळं तोंडीही सांगितलं होतंस. हिरव्या टोपणाची बाटली पानांसाठी आणि मुळांसाठी. गुलाबी टोपणाची फुलाचा दांडा दिसला तरच, तोवर तिला हात लावायचा नाही. खत अगदी थोडं आणि पाणी पुष्कळ, कारण हे झाड उपाशी राहिलं तर रुसतं, पण जास्त खाल्लं तर मरतं. आणि मधूनमधून नुसतं पाणी भरपूर ओतून कुंडीतला खार धुऊन काढायचा. बघ, एक अक्षर विसरले नाही. दर रविवारी माझ्या चहाच्या आधी त्याचं खाणं. थोडा आगाऊपणाही केला, नाही कशाला म्हणू. केळ्याच्या साली भिजवून ते पाणी घातलं. मुंग्यांची चंगळ झाली, झाडाने ढुंकून पाहिलं नाही. मग ते बंद केलं.

एवढं करूनही झाड बिघडायला लागलं. पानांची टोकं भाजल्यासारखी झाली, मुळांची टोकं काळी पडली आणि कुंडीतल्या लाकडाच्या सालींवर पांढरी पापडी धरली. बाटलीही बघता बघता तळाला गेली. मला वाटलं, झालं, म्हातारीचा हात थरथरतो, जास्त सांडत असेल. फुलवालीच्या कचऱ्याच्या डब्यातून तू उचलून आणलेलं झाड ते, आठवतंय ना? दोनच पानं होती, तीही लोळलेली. सगळे हसले होते. ते माझ्या हातून मेलं तर तुला तोंड कसं दाखवू, म्हणून फोनवर तू विचारलंस की मी तुझ्या जेवणाची चौकशी सुरू करायचे. तरीच म्हणत असशील, आजीला अचानक माझ्या पोटाची एवढी काळजी कशी.

मग एका रविवारी मी अंघोळ लवकर उरकून बाहेर आले, तर खिडकीशी तुझा बाप. चष्मा कपाळावर, डोळे तुझ्या कागदावर आणि हातात आपल्या औषधांच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज. हिरव्या बाटलीतलं खत असं मोजून ओढत होता, जसं काही तान्ह्या बाळाचं औषधच. मी विचारलं, "काय रे, काय चाललंय?" तर म्हणतो, "काही नाही, धूळ पुसतोय." म्हटलं, "सिरिंजने?" म्हणजे बघ, कागद माझ्यासाठी लावलास, तो वाचला त्याने. तोंडी मला सांगितलंस, ते पाळलं मी. आणि दर रविवारी बिचाऱ्या झाडाला दोनदा जेवण! तू गेलीस त्या दिवशी हाच ना म्हणाला होता, "ती कुंडी बाहेर ठेवा, घरात जागा नाही"? औषधांचं शिकून पोरगी आपल्या दुकानात बसायची सोडून फुलांच्या नर्सरीत चालली, म्हणून केवढं घर डोक्यावर घेतलं होतं! आणि तूही काही कमी नाहीस. "माणसांचे डोस तुम्ही बघा, झाडांचे मी बघते," असं दारातून फेकून गेलीस. आता झाडाचे डोस तोच बघतोय, आणि हे पत्रही तोच लिहितोय. "तुझा बाप" लिहिताना घसा खाकरला. सिरिंजची गोष्ट गाळूया म्हणत होता. मी म्हटलं, गाळलीस तर शिंपीणबाईकडून वाचून घेईन.

तर आम्ही दोघांनी मिळून कुंडी नळाखाली धरली, सालींवरची पापडी धुऊन काढली, काळी मुळं त्याने कात्रीने कापली आणि खत पार बंद केलं. झाड वाचलं, पोरी. नवं पानही डोकावतंय. आणि खालच्या पानाच्या बगलेतून हिरवं काहीतरी बाहेर आलंय, करंगळीच्या नखाएवढं. मी म्हणते दांडा, हा म्हणतो मूळ. रोज सकाळी यावरून आमचं वाजतं. मूळ असेल तर हिरवी बाटली, दांडा असेल तर गुलाबी, म्हणून आम्ही कुठलीच उघडत नाही. मी म्हटलं, फोटो काढून पोरीला पाठव. तर म्हणे, फोटोत नीट कळत नाही. मी म्हटलं, मग हिरवी बाटली संपत आलीच आहे, गुलाबीही जुनी झाली, दोन्ही पाठवून द्यायला सांगूया. तर म्हणे, नको, पार्सलमध्ये बाटल्या फुटतात. रोज खोकीच्या खोकी औषधं पार्सलने मागवणारा माणूस हा!

तुला वाटेल, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन नव्हता का? होता की. पण फोन त्याच्या हातात दिला की तुम्ही दोघं काय बोलता, मी ऐकलंय. "बरी आहेस ना?" "हो." "ठेवू का?" "ठेवा." तुमच्यापेक्षा माझं ऑर्किड बरं, निदान पान तरी हलवतं. म्हणून शिंपीणबाई घरी असतानाही आज मुद्दाम याला बसवलं. पत्राच्या सुरुवातीचा "प्रिय" मी सांगितला खरा, पण लिहायला याने किती वेळ लावला म्हणून सांगू! पेन नुसतंच कागदावर टेकवून बसला होता. मला वाचता येत नाही, पण तेवढा एक शब्द कुठे आहे ते मी बोट ठेवून बघून घेतलंय. तूही बघ. तर आता नीट ऐक, पुन्हा विसरशील. हिरवी आणि गुलाबी, दोन्ही बाटल्या हव्यात, पार्सलने नकोत. आणि माझ्यासाठी केक आण, मऊ, बिनबदामाचा. झाडाला थोडंच घालायचं असतं, मला तसं नाही, तेव्हा मोठा आण.

तुझीच, अजूनही नापास,
आजी