दिव्याला पाणी

४ एप्रिल १९८३

तिसऱ्या प्रश्नाला भोपळा! "स्विच चालू ठेवून होल्डरमधला बल्ब काढला. आता होल्डरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज किती?" मी लिहिलं — शून्य. चुरी सरांनी लाल फुली मारली आणि पुढच्या पेपराकडे वळले.

सरांनीच तर फळ्यावर लिहून दिलंय, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. बल्ब काढला, रस्ता तुटला, करंट शून्य. शून्याला कशानेही गुणा, शून्यच येणार. तिसरीतली पोरही सांगेल. मग माझं चुकलं कुठे?

आता मे महिन्यात फेरपरीक्षा. त्यातही नापास झाले की वायरमनच्या वर्गातून नाव कमी. बाबा वाटच बघतायत. काल जेवताना म्हणालेच — "बोईसरचे फेरे पुरे जाले. बोंबील वालवायला बस आता."

५ एप्रिल

सरांना गाठून विचारलं. त्यांनी पुन्हा ती पाण्याची टाकी काढली! टाकी भरलेली म्हणजे दाब, तो व्होल्टेज. नळातून वाहतं तो करंट. मी म्हटलं, सर, नळाचं पाणी टाकीत परत जात नाही, मग करंटला परतीची वायर कशाला लागते? आमच्या चिंचणीच्या घरी तर एकाच वायरीवर दिवा लागतो.

झालं! मागच्या बाकावरचा आनंदा ओरडला, "सर, हिच्याकडे भुताचा दिवा हाय!" सगळा वर्ग खिदळला. आणि सर काय म्हणाले? "थापा मारायच्या असतील तर बाजारात टोपली घेऊन बस."

एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले. त्या वर्गात मुलगी मी एकटी, त्यात कोळ्याची. यांना हसायला बरं सापडतं!

१० एप्रिल

थापा नाहीत. आज मुद्दाम सगळं बघून आले. पोलावरच्या तारेला अडकवलेल्या आकड्याची एक वायर घरात येते, बल्बमधून निघून मागच्या दारी जाते आणि जमिनीत ठोकलेल्या सळईला गुंडाळली आहे. बस्स. पूर्वी दोन आकडे असायचे. वाऱ्यात दोन्ही वायरी एकमेकींना लागल्या, ठिणग्या उडाल्या, सबंध आळी दोन दिवस अंधारात बसली. तेव्हापासून सगळ्यांनी एकच आकडा ठेवला.

म्हणजे परतीचं काम जमीन करते! ओली, खारट जमीन हीच आमची दुसरी वायर. म्हणूनच उन्हात जमीन सुकली की दिवा मंद होतो, आणि मंजुळावहिनीने मासे धुतलेलं पाणी सळईवर ओतलं की पुन्हा उजळतो. आळीतल्या सगळ्याच बायका ओततात. दिव्याला पाणी घालणं म्हणतात त्याला. रोज तिन्हीसांजेला, तुळशीला घालावं तसं.

हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मला कळलं. सांगू कुणाला? सरांना?

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "ते रावदे. पाणी घालताना पायाला मुंग्या येतान गो हंसा. भ्या वाटतं." मी म्हटलं, दमली असशील. खरंच दमते बिचारी. दादा बोटीवर, आणि माझ्या वाटणीचे बोंबीलही तीच वाळत घालते, मला वर्गाला जाता यावं म्हणून. पहिल्या दिवशी बाबांसमोर उभी राहिली ती तीच — "पोर शिकल, तिचा काम मी करीन." बाबांसमोर असं कुणी बोलत नाही आमच्याकडे.

१८ एप्रिल

शून्य. शून्य. शून्य. कसंही मांडलं तरी शून्य! पुस्तक इंग्रजीत, शब्दकोश फाटका, आणि मी ठार मठ्ठ.

२ मे

आज सरांनी विचारलं, "कुणाला शंका?" मी मान खाली घातली. कोण पुन्हा हसं करून घेणार?

१७ मे

परवा परीक्षा आणि आजच दिवा गेला! सळईला बांधलेली वायर गंजून तुटली, टोक भिंतीला लोंबतंय. बाबा म्हणाले, "जानू आला का बांधल." दादा कधी येणार, तर बोट लागेल तेव्हा. आणि मी तोवर काय करू? कंदिलाच्या काचेत नाक खुपसून वाचू? संताप झाला.

वर्गातला टेस्टर घरी आणला होता. वीज असली की त्याच्या पोटात लाल दिवा पेटतो. सहज तुटक्या टोकाला लावला, तर पेटला! बल्ब बंद आणि टेस्टर चालू! म्हणजे टेस्टरच बिघडलेला. वर्गातल्या वस्तू सगळ्या अशाच, माणसांसकट.

वहिनी मागे उभी होती. "पेटला ना गो? मंग वीज हाय त्यात."

मी चिडलेच. "नाही वहिनी. बल्ब बंद म्हणजे करंट शून्य. करंट शून्य म्हणजे व्होल्टेज शून्य. नियमच आहे तसा. उगाच घाबरतेस."

"तू शिकलेली. तुला ठाव," म्हणाली आणि बोंबलांची पाटी उचलून गेली. निदान घरात एका माणसाला तरी माझं म्हणणं पटतं. तेवढंच बरं वाटलं.

१८ मे

आज संध्याकाळी पुस्तक उघडून बसले होते, तर डोक्यावरचा बल्ब लाल झाला. मंद, निखाऱ्याएवढा. मी वर बघितलं. वायर तर सळईला जोडलेली नव्हती.

कळलं. त्याच क्षणी सगळं कळलं!

मागच्या दारी धावले, तर वहिनीच्या मुठीत ते तुटकं टोक. वल्ह्याच्या सुक्या दांड्याने पोलावरचा आकडा पाडला, तेव्हा तिची मूठ सुटली. तळवा काळा पडलाय. डॉक्टर म्हणाले, वाचली.

नळ बंद होता, तरी टाकी भरलेली होती, दाब तसाच होता. उत्तर दोनशे तीस व्होल्ट. सगळेच्या सगळे दोनशे तीस, त्या तुटक्या टोकाशी. शून्य मी सांगितलं होतं तिला.

डोळे उघडल्यावर वहिनीने पहिलं काय विचारलं? "लागला काय गो दिवा? उद्या तुजी परीक्षा हाय ना."